दुखलं नाही म्हणजे लागलं नाही?

५ ऑक्टोबर २०१४, सिडनी. ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल रग्बी लीगचा अंतिम सामना, मैदानात ८३ हजारांहून जास्त प्रेक्षक. सामना सुरू होताच साउथ सिडनीच्या सॅम बर्जेसनं चेंडू छातीशी धरून सरळ धाव घेतली. समोरून त्याला अडवायला आला कँटरबरी बुलडॉग्जचा जेम्स ग्रॅहम. दोघेही उत्तर इंग्लंडमधून ऑस्ट्रेलियात खेळायला आलेले, दोघेही फॉरवर्ड म्हणजे पुढच्या फळीतले धडका देणारे-घेणारे, दोघेही शंभर किलोंच्या वरचे. ग्रॅहमचं डोकं बर्जेसच्या गालावर आदळलं आणि गालाचं हाड आणि डोळ्याची खोबण मोडली. घड्याळात पहिलं मिनिट चालू होतं, आणि सामना ८० मिनिटांचा असतो. बर्जेस शेवटपर्यंत खेळला. साउथ सिडनीनं ३०-६ असा विजय मिळवून ४३ वर्षांनी विजेतेपद घेतलं आणि सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक सुजलेल्या चेहऱ्याच्या बर्जेसला मिळालं.

ही गोष्ट तिकडे शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. पण शरीरशास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर तिच्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे: मोडलेल्या चेहऱ्यानं माणूस ७९ मिनिटं धडका कशा घेऊ शकतो? आणि त्याहून अवघड म्हणजे, त्या दिवशी ज्याचं काहीच मोडलं नाही त्या ग्रॅहमचं काय?

आधी खेळाविषयी थोडं. रग्बी लीग हा खेळ १८९५ साली इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड शहरात पैशांच्या वादातून जन्मला. उत्तरेकडचे खेळाडू गिरणी कामगार आणि खाणकामगार होते. शनिवारी खेळायचं म्हणजे पगार बुडायचा, आणि तो भरून द्यायला रग्बीचे सूत्रधार तयार नव्हते. म्हणून तिकडचे क्लब वेगळे झाले. पुढे या फाट्यात संघातले खेळाडू पंधरावरून तेरा झाले. त्यातले सहा फॉरवर्ड: दोन प्रॉप, एक हुकर, दोन सेकंड रो आणि एक लॉक. चेंडू हाती असलेल्या संघाला सहा वेळा पकडलं जाईपर्यंत पुढे सरकायचं असतं. कबड्डीत तीन-चार जण मिळून चढाई करणाऱ्याला दाबतात, तशीच ही पकड. फक्त इथे चढाई करणारा ११० किलोंचा असतो आणि तो हुलकावणी देत नाही, मुद्दाम अंगावर येतो. प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांनी दहा मीटर मागे हटायचं असा नियम आहे. त्यामुळे पुढच्या धडकेसाठी दोन्ही बाजूंना पळत यायला जागा मिळते. फॉरवर्डचं काम म्हणजे ही धडक देणं आणि घेणं. एका सामन्यात तो तीस-चाळीस पकडी सहज करतो, आणि चेंडू घेऊन स्वतः दहा-पंधरा वेळा घुसतो ते वेगळंच.

आता थोडा हिशेब करू. ११० किलोंचा माणूस सेकंदाला सहा मीटर वेगानं येत असेल तर त्याच्याकडे जवळजवळ २००० ज्यूल ऊर्जा असते. पकडीत तो साधारण ०.२ सेकंदात थांबला असं धरलं, तर सरासरी बल ३३०० न्यूटन येतं, म्हणजे त्याच्या वजनाच्या तिप्पट. खांदे, छाती, मांड्या हे सोसतात, कारण स्नायू दबतात, सांधे वाकतात आणि थांबायला थोडा वेळ मिळतो. डोक्यावर डोकं आपटतं तेव्हा मध्ये दबायला काहीच नसतं. साधारण पाच किलोंच्या डोक्याचा वेग सेकंदाला पाच मीटरनं बदलला आणि त्याला शंभरावा भाग सेकंदच मिळाला, तर त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ५० पट होतं. माणूस तोच, वेग जवळपास तोच. फरक पडतो तो थांबायला मिळालेल्या वेळाचा. मोटारीच्या एअरबॅगचं सगळं गणितही यावरच चालतं.

बर्जेसच्या वेदनेकडे येऊ. १९४४ साली इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचा अमेरिकन डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करत होता. गंभीर जखमा असूनही सुमारे तीन चतुर्थांश सैनिक वेदनाशामक नको म्हणत होते. ते शुद्धीवर होते, आणि सुई टोचली तर तक्रारही करत. म्हणजे संवेदना मेल्या नव्हत्या. पुढच्या काही दशकांत यामागची यंत्रणा उलगडली. वेदना म्हणजे जखमेकडून मेंदूकडे जाणारी एकतर्फी तार नव्हे. मेंदूच्या मध्यभागातून मज्जारज्जूकडे उलट दिशेनं संदेश येतात, आणि एंडॉर्फिनसारखी शरीरातच तयार होणारी अफूच्या जातीची रसायनं खालून येणारा वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच अडवतात. जिवावर बेतलेलं असताना लंगडत बसण्यापेक्षा पळणं महत्त्वाचं, म्हणून ही सोय. साउथ सिडनीच्याच जॉन सॅटलरनं १९७० च्या अंतिम सामन्यात जबडा मोडल्यावर सहकाऱ्याला, मला धरून ठेव, त्यांना कळू देऊ नकोस, असं सांगितलं आणि सामना पुरा खेळून जिंकला. त्यातही हेच रसायनशास्त्र होतं. जिद्द होतीच, पण नुसत्या जिद्दीला श्रेय देणं मला थोडं अन्यायाचं वाटतं. अशानं ज्याला वेदना सहन होत नाही तो भित्रा ठरतो, आणि ड्रेसिंग रूममध्ये या समजाची किंमत फार मोठी असते.

कारण खरी गोम इथे आहे: वेदना हा नुकसानीचा मीटर नाही. ती एक सूचना आहे, आणि सूचना देणाऱ्या तारा शरीरात सगळीकडे सारख्या पसरलेल्या नाहीत. गालाचं हाड मोडलं की आरडाओरडा होतो, पण योग्य शस्त्रक्रिया झाली तर ते काही आठवड्यांत जुळतं. उलट सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात मज्जातंतू नसतात आणि रक्तवाहिन्याही नसतात. ती झिजते तेव्हा ओरडत नाही, आणि झिजल्यावर धड भरूनही येत नाही. दुखायला लागतं ते कूर्चेखालच्या हाडापर्यंत किंवा सांध्याच्या अस्तरापर्यंत प्रकरण गेल्यावर, म्हणजे बऱ्याच उशिरा. फॉरवर्डचा खांदा हे याचं उत्तम उदाहरण. खांद्याची वाटी उथळ असते. हात सगळीकडे फिरावा म्हणून निसर्गानं स्थैर्यावर पाणी सोडलं आहे. त्या सांध्यानं वर्षाला शेकडो पकडी करायच्या. गाल मोडूनही न थांबलेला बर्जेस ऑक्टोबर २०१९ मध्ये निवृत्त झाला तो खांद्यामुळे. तेव्हा तो ३० वर्षांचा होता.

कूर्चेहून गप्प अवयव म्हणजे मेंदू. सगळ्या वेदनांचा हिशेब तोच ठेवतो, पण त्याच्या स्वतःच्या पेशीजालात वेदना टिपणारे तंतू नाहीत. धडकेत डोकं झटक्यानं फिरतं तेव्हा मऊ मेंदू कवटीच्या किंचित मागे राहतो आणि त्याच्या आत ताण-पीळ पडतो. चेतापेशींच्या लांब तंतूंना हिसका बसतो. त्या तंतूंच्या आतली रचना टाऊ नावाच्या प्रथिनामुळे टिकून असते. वर्षानुवर्षं असे हिसके बसले तर काहींच्या मेंदूत हे टाऊ सुटून त्याच्या गुठळ्या साचतात, तेही ठरावीक जागी: मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती. हिसक्याचा ताण सर्वांत जास्त पडतो तोही तिथेच. या आजाराला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी) म्हणतात. विसराळूपणा, चिडचिड, नैराश्य, पुढे स्मृतिभ्रंश अशी त्याची वाट. पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं.

रग्बी लीगमध्ये त्याचा पुरावा २०१९ साली पुढे आला. सिडनीतल्या मेंदूपेढीच्या, म्हणजे दान केलेले मेंदू तपासणाऱ्या संस्थेच्या, संशोधकांनी दोन माजी व्यावसायिक खेळाडूंच्या मेंदूंत सीटीई सापडल्याचं जाहीर केलं. त्यातला एक होता स्टीव्ह फोक्स, कँटरबरीचा सेकंड रो. तो १९७८ ते १९९१ पहिल्या संघात खेळला, चार विजेतेपदं जिंकला, पुढे त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला आणि २०१८ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी हृदयविकारानं गेला. जॉन सॅटलर २०२३ मध्ये ८० व्या वर्षी वारला, तेव्हा त्याला स्मृतिभ्रंश होता. तो खेळामुळेच झाला असं म्हणता येणार नाही. त्या वयात तो न खेळलेल्यांनाही होतो. पण अमेरिकन फुटबॉल खेळलेल्या २६६ जणांच्या मेंदूंच्या अभ्यासात एक गोष्ट ठळक दिसली: खेळाचं प्रत्येक जादा वर्ष सीटीईची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी वाढवत होतं. मेंदूदान करणाऱ्या कुटुंबांना आधीच शंका असते, त्यामुळे असे आकडे सरसकट सगळ्या खेळाडूंना लावता येत नाहीत. तरीही चढता आलेख दुर्लक्ष करण्याजोगा नाही. शुद्ध हरपण्याच्या प्रसंगांपेक्षा एकूण किती मार डोक्यानं पचवला, ते जास्त महत्त्वाचं दिसतं.

जेम्स ग्रॅहमनं २०२० मध्ये निवृत्ती घेतली. चारशेहून जास्त सामने, बहुतेक सगळे प्रॉप म्हणून. त्यानंतर तो डोक्याला बसलेल्या मारांबद्दल, स्वतःच्या मेंदूबद्दल वाटणाऱ्या धास्तीबद्दल उघडपणे बोलू लागला. एका फॉरवर्डनं हे बोलणं, माझ्या मते, मोडलेल्या जबड्यानं खेळण्यापेक्षा अवघड आहे.

नियम बदलताहेत. हात न वापरता नुसत्या खांद्यानं ठोकणं ऑस्ट्रेलियात २०१३ पासून बंद आहे. डोक्याला लागल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर नेऊन तपासतात. २०२२ पासून एक स्वतंत्र डॉक्टर पडद्यावर सामना पाहत असतो आणि तोही खेळाडूला बाहेर बोलावू शकतो. निर्णय खेळाडूच्या हाती नाही हे फार बरं झालं. भरात आलेल्या फॉरवर्डला विचारलं तर उत्तर एकच येणार. २०२३ पासून मेंदूला मार बसल्याचं निदान झालं तर साधारणपणे किमान अकरा दिवस सक्तीची विश्रांती आहे.

पण अकरा दिवस मिळतात ते दिसलेल्या मारासाठी. आठवड्याला चाळीस पकडी, शिवाय सरावातल्या, यातले बारीक हिसके कुठल्याच वहीत चढत नाहीत. ब्रिटनमध्ये आता दातांवर बसवायच्या संरक्षक कवचात सेन्सर घालून प्रत्येक धडकेतलं डोक्याचं त्वरण मोजायला सुरुवात झाली आहे. सरावातल्या धडका कमी करायला हे आकडे आजच उपयोगी पडतील. पण त्यांच्या आधारे उद्या एखाद्या २४ वर्षांच्या प्रॉपला, तुझा या हंगामाचा कोटा संपला, असं सांगायची वेळ आली तर ते सांगायचं कुणी, आणि त्याच्या बुडालेल्या पगाराचं काय? पगार बुडण्यावरूनच सुरू झालेल्या खेळाला हा हिशेब पुन्हा मांडावा लागणार आहे.