‘आजचे कार्यक्रम’ : पुण्यातील एका सदराची पार्श्वभूमी

पुण्यातील मराठी दैनिकांच्या आतल्या पानावर बारीक टाइपात ‘आजचे कार्यक्रम’ किंवा अशाच नावाचे एक सदर असते. संस्थेचे नाव, व्याख्यानाचा विषय, वक्ते, अध्यक्ष, स्थळ आणि ‘सायंकाळी साडेसहा’ एवढाच मजकूर, आणि जागा उरली तर शेवटी ‘सर्वांना विनामूल्य प्रवेश’. नेहमीचे वाचक पहिल्या पानाआधी हे सदर उघडतात, असा माझा तरी अनुभव आहे. त्यातील ‘सर्वांना’ हा शब्द आज कोणाच्या लक्षातही येत नाही. पण या सदराचा इतिहास पाहायचा तर त्या शब्दापासूनच सुरुवात करावी लागते.

पेशवाईतील आणि त्यानंतरच्या पहिल्या काही दशकांतील पुण्यात चार माणसे जमण्याचे प्रसंग पुष्कळ होते, मात्र प्रत्येक प्रसंगाचे बोलावणे वेगळ्या वाटेने येई. सरकारी हुकूम दवंडीने कळे, घरच्या कार्याच्या अक्षता दारोदार जात, आणि देवळातील कीर्तनाला परिसरातील ठरलेले श्रोते न सांगता येत. जात, घराणे किंवा पेठ यांपैकी कशाचाही आधार न घेता, ज्याला विषयात रस आहे त्याने यावे, अशी सभा ही नवी गोष्ट होती, आणि तिच्यासाठी जागा, छापखाना व बोलावणारी संस्था या तिन्ही गोष्टी लागणार होत्या. पुढे पुणे नगर वाचन मंदिर या नावाने ओळखले जाऊ लागलेले ग्रंथालय १८४८ मध्ये स्थापन झाले, ‘ज्ञानप्रकाश’ हे वृत्तपत्र १८४९ मध्ये निघू लागले आणि नगरपालिका १८५७ मध्ये आली. १८७० च्या एप्रिलमध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने तर सभासद होण्यासाठी किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणण्याची अट घातली होती. सभासद ९५ आणि त्यांच्यामागे सुमारे सहा हजार लोक, असा तिचा हिशेब होता. सभेचे प्रवर्तक गणेश वासुदेव जोशी ‘सार्वजनिक काका’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले, यावरून त्या शब्दाचे नवेपण ध्यानात येते.

न्यायाधीश म्हणून १८७१ मध्ये पुण्यात आलेल्या महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ च्या उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. न्यायालये आणि विद्यालये सुट्टीवर असताना शिकलेला वर्ग मोकळा असतो, हे त्यांच्यासारख्या न्यायखात्यातील माणसाला कोणी सांगायला नको होते. शहराच्या कार्यक्रमांना ऋतू असतो, ही कल्पना येथून रुजली. उन्हाळ्यात व्याख्याने, भाद्रपदात गणपती, थंडीत गाण्याच्या मैफली हा क्रम पुणेकर आजही फारसा विचार न करता पाळतात.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रानडे आणि त्यांच्या मित्रांनी स्वामी दयानंद सरस्वतींना पुण्यात बोलावले. बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांची व्याख्याने झाली. बोलणे हिंदीत आणि त्याचे सारांश मराठीत छापलेले, अशी ती व्यवस्था होती. त्यामुळे जे वाड्यात येऊ शकले नाहीत त्यांच्यापर्यंतही विषय पोहोचला. अखेरीस स्वामींची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी गाढव सजवून ‘गर्दभानंदाचार्यां’ची प्रतिमिरवणूक काढली, चिखलफेकही झाली, आणि स्वामींच्या बाजूने जोतीराव फुले आपल्या अनुयायांसह रस्त्यावर उतरले. व्याख्यानाच्या कार्यक्रमाला असे धुळवडीचे रूप येऊ शकते, हे सध्याच्या शांत, अर्ध्या भरलेल्या सभागृहांकडे पाहून खरे वाटत नाही.

सर्वांना प्रवेश असला तरी हजेरीची किंमत सर्वांना सारखी नव्हती, याचे सर्वांत बोलके उदाहरण १८९० चे आहे. पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि त्यानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. टिळक आणि रानडे दोघेही उपस्थितांत होते. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता हातात धरला. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली आणि गावभर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि पुढे टिळकांना व रानड्यांना प्रायश्चित्ताला सामोरे जावे लागले. ‘पुढील मान्यवर उपस्थित होते’ ही आपल्या वृत्तांतातील सर्वांत निरुपद्रवी ओळ समजली जाते. त्या वर्षी तिने अर्धे शहर हलवले.

ज्यांना अशा सभांत प्रत्यक्षात जागा नव्हती त्यांनी आपल्या सभा वेगळ्या उभ्या केल्या. सत्यशोधक समाज १८७३ मध्येच स्थापन झाला होता, आणि कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये काढलेल्या ‘दीनबंधू’ने त्या चळवळीला हक्काचे पत्र दिले. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाज सुरू केला, तेव्हा भद्र घरातील स्त्रीने व्याख्यानाला जाणे हीच बातमी होती.

१८९० च्या दशकात गणेशोत्सव सार्वजनिक झाला आणि कार्यक्रम दिवाणखान्यातून आळीत आले. व्याख्यान, कीर्तन, मेळे अशी दहा दिवसांची पत्रिका प्रत्येक मंडपाची स्वतंत्र ठरू लागली. एकाच संध्याकाळी कोठे काय आहे हे माहीत असण्याची गरज शहराला बहुधा याच सुमारास खऱ्या अर्थाने जाणवली असावी. पण ‘केसरी’ साप्ताहिक होता, मंगळवारी निघणारा. त्यात येत्या आठवड्याचे निवेदन देता येई, ‘आज’ म्हणता येत नसे. ‘आज’ हा शब्द दैनिकाचा आहे. ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ मध्ये दैनिक झाला, आणि १ जानेवारी १९३२ रोजी ना. भि. परुळेकरांनी ‘सकाळ’ सुरू केला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांनी अग्रलेखापेक्षा बातमीला आणि त्यातही गावच्या बातमीला महत्त्व दिले. बाजारभाव, पाणीपुरवठा, पेठेतील अपघात यांच्या शेजारी संध्याकाळच्या व्याख्यानालाही मग सहज जागा मिळाली.

स्वातंत्र्यानंतर कार्यक्रमांची ठिकाणे वाढली. १९५३ मध्ये आकाशवाणीचे पुणे केंद्र आणि सवाई गंधर्व महोत्सव एकाच वर्षी सुरू झाले, आणि १९६८ मध्ये बालगंधर्व रंगमंदिर उघडले. तारखा मिळवण्याची धावपळ, वक्त्याची रेल्वे चुकणे, अध्यक्षांचे लांबलेले समारोपाचे भाषण हे सगळे त्याबरोबर आले. निवेदन आधी दोन दिवस दैनिकाच्या कचेरीत पोहोचवायचे, शब्द कमी ठेवायचे आणि वक्त्याच्या नावातील काना-मात्रा तपासून घ्यायचा, ही शिस्त छोट्या संस्थांचे चिटणीस पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना शिकवत आले.

वसंत व्याख्यानमाला आजही वक्तृत्वोत्तेजक सभेच्या वतीने, साधारणपणे २१ एप्रिल ते २० मे या काळात, टिळक स्मारक मंदिरात होते. तिचे निवेदन आता भ्रमणध्वनीवरील गटांतून आधी फिरते आणि दैनिकात नंतर येते. तरीही जुन्या संस्थांच्या दारातला काळा फळा अजून गेलेला नाही. खडूने डाव्या कोपऱ्यात ‘आज’ लिहिलेले असते, खाली विषय आणि नाव. फडके घाईने फिरवलेले असल्यामुळे कालच्या वक्त्याच्या आडनावाची शेवटची दोन अक्षरे आजच्या वेळेच्या मागून पुसट दिसत असतात.