स्पीअरगनच्या रीलचा ड्रॅग करकचून का आवळायचा नाही

परवा एक व्हिडिओ बघण्यात आला. एक जण रबरवाल्या स्पीअरगनला (पाण्याखाली मासे मारायची, भाला सोडणारी बंदूक) नवी कोरी रील, म्हणजे दोरीची चरखी, बसवतो, मग पक्कड घेऊन ड्रॅगचा, म्हणजे रीलच्या ब्रेकचा, नॉब पार दम लागेपर्यंत आवळतो आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणतो, आता बघू मासा कुठं जातो. अरे बाबा, मासा जाणार नाही हे खरंय, पण मग तू तरी वर कसा येणार?

कारण रीलचा नेम लागण्याशी किंवा भाल्याच्या जोराशी काडीचा संबंध नाही. तो जोर ताणलेल्या रबराचा. भाल्याला आधीच चारपाच मीटर दोरी बांधलेली असते आणि भाला साधारण तेवढाच जातो. रीलचं काम सुरू होतं त्याच्यानंतर, मासा भाल्यासकट पळायला लागला की. पाणबुड्या तर एका श्वासावर खाली गेलेला. २० मीटरवर दाब वरच्यापेक्षा तिप्पट असतो, त्यामुळे वर येताना फुफ्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही तसाच एक तृतीयांशावर येतो, आणि शेवटच्या १० मीटरमध्ये तर सरळ निम्मा होतो, शुद्ध हरपायचा धोका तिथंच जास्त. अशा वेळी माशाशी रस्सीखेच खेळत बसायचं नसतं. दोरी सुटत राहिली पाहिजे, माणूस वर आला पाहिजे, हातात गन राहिली पाहिजे. रील म्हणजे पाण्याखालचा ब्रेक आहे, दोरी गुंडाळणं हे तिचं दुय्यम काम.

आता मला ज्या गोष्टीवर लिहायचंय ती ही: हा ब्रेक आपला आपणच घट्ट होत जातो. नॉबला हात न लावता.

ड्रॅग म्हणजे आत दाबून धरलेल्या चकत्यांचं घर्षण. ते स्पूलला, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या रिळाला, फिरू देत नाही, म्हणजे ते ठरवतं टॉर्क, दोरीवरचं बळ ठरवत नाही. दार बिजागरीजवळ ढकलून बघा, किती जोर लागतो, आणि कडीपाशी ढकला, किती कमी लागतो, तेच इथं. बळ गुणिले त्रिज्या म्हणजे टॉर्क. टॉर्क तोच राहिला आणि त्रिज्या कमी झाली की बळ वाढणारच. आणि दोरी जसजशी सुटते तसतशी स्पूलवरची गुंडाळी बारीक होत जाते.

आकडे घेऊ. समजा भरलेल्या स्पूलची त्रिज्या ३.६ सेंमी, मधल्या गाभ्याची १.८ सेंमी, स्पूलची रुंदी ४ सेंमी. त्यावर १.७ मिमी जाडीची साधारण ४२ मीटर दोरी बसते. ड्रॅग तुम्ही २ किलोला लावला (किलो म्हणतोय ते वजनाच्या भाषेत, न्यूटनवाल्यांनी माफ करावं). सगळी दोरी संपत आली की त्रिज्या निम्मी, म्हणजे ओढ दुप्पट, ४ किलो. इथपर्यंत ठीक. पण ही वाढ सरळ रेषेत होत नाही. गुंडाळीचं आकारमान त्रिज्येच्या वर्गावर ठरतं, त्यामुळे अर्धी दोरी गेली तेव्हा ३.६ चा वर्ग १२.९६ आणि १.८ चा वर्ग ३.२४ यांची सरासरी ८.१ आणि त्याचं वर्गमूळ २.८५, म्हणजे ओढ फक्त अडीच किलोच्या आसपास. पाऊण दोरी गेली की त्रिज्या २.३८ आणि ओढ ३ किलो. आणि उरलेल्या पाव भागात ३ चे ४. म्हणजे पहिली अर्धी दोरी अर्धा किलो वाढवते आणि शेवटची पाव दोरी एकटीच किलोभर. आकडे डोक्यावरून गेले तरी चालेल, एवढं धरा की खरा ताण शेवटी येतो, नेमका मासा लांब असतो आणि तुमचा श्वास संपत आलेला असतो तेव्हा.

शिवाय पाणीही ओढतं. मासा आडवा पळाला की दोरी पाण्यातून कापत जाते. ३० मीटर दोरी सेकंदाला १ मीटर वेगाने पूर्ण आडवी सरकली तर तिच्यावरच ३ किलोच्या आसपास रोध येतो, आणि वेग दुप्पट झाला की हा रोध चौपट. आणि हा ताण नॉब फिरवून कमी होत नाही. म्हणून ‘१५ किलो मॅक्स ड्रॅग’ असं मोठ्या अक्षरात छापलेलं बघून कोणी रील घेत असेल तर त्याला काय म्हणावं? तेच बॉल बेअरिंगच्या संख्येचं, खाऱ्या पाण्यात ती गंजायला एक सीझन पुरतो.

गंमत म्हणजे ही सगळी ४२ मीटरची झुंज चकत्यांमध्ये फक्त ११०० जूलच्या आसपास उष्णता करते. ग्लासभर पाणी जेमतेम सव्वा अंश तापेल.

बसवायचं म्हणाल तर रील हँडलच्या पुढे, नळीच्या खाली. दोरी तिथून नळीच्या तोंडाजवळच्या भोकातून किंवा गाइडमधून जाऊन मग भाल्याच्या दोरीला जोडायची. ओढ तोंडातून आली की गन आपोआप माशाच्या दिशेने सरळ राहते, थेट रीलमधून आली की गन हातात पिळते.

लाकडी गन असेल तर स्क्रू आणि इपॉक्सी, विषय संपला. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत मात्र ड्रिल चालवण्याआधी दोनदा विचार करा. आत हवा कोंडलेली असते म्हणून ती तरंगते. आतला व्यास अडीच सेंमी आणि लांबी मीटरभर असेल तर जवळजवळ अर्धा लिटर हवा, म्हणजे अर्धा किलो उचल. एक भोक पडलं, पाणी शिरलं की ती उचल गेली. त्यापेक्षा क्लॅम्पवालं ब्रॅकेट बरं. भोक पाडलंच तर रिव्हेटला सीलंट भरा, दिवसभर वाळू द्या आणि पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का बघा. स्टीलच्या स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर समुद्राच्या पाण्यात स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमची छोटीशी बॅटरीच तयार होते आणि अ‍ॅल्युमिनियम पांढरी पावडर होऊन जातं.

दोरी बहुतेक डायनीमा नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याची असते. पाण्यावर तरंगते, ताणली जात नाही, पण गुळगुळीत इतकी की गाठ बांधूनही अख्खी गुंडाळी गाभ्यावर घसरत फिरते. गाभ्याला भोक असेल तर त्यातून ओवून गाठ मारा, नसेल तर आधी कापडी टेपचा एक थर. गुंडाळताना दोरी बोटांत ताणून धरायची, सैल गुंडाळली तर वरचा वेढा जोर आला की खालच्या वेढ्यांत रुततो आणि मग ड्रॅग कितीही सैल ठेवा, दोरी अडकली ती अडकलीच.

मग स्प्रिंगचा काटा घ्या, तोंडातून बाहेर आलेल्या दोरीला अडकवा, रील पाण्यात भिजवा (कोरडी आणि ओली रील वेगळं वागते) आणि हळू ओढा. स्पूल सुटायच्या क्षणी काटा जरा जास्त दाखवेल आणि फिरायला लागली की खाली येईल, स्थिर घर्षण सहसा चढंच असतं. खालचा आकडा दीडदोन किलोवर ठेवा. अगदी मोकळी सोडायची नाही, नाहीतर मासा झटका देऊन थांबतो आणि स्पूल मात्र गरगरत राहून दोरीचं घरटं करते. दोन्ही आकड्यांतला फरक बघून ठेवा आणि महिनाभराने परत मोजा. फरक वाढला असेल तर चकत्यांमध्ये मीठ बसलंय, रील उघडून गोड्या पाण्याने धुवा.