‘85 टक्के लोकांना नोकरी नकोशी’: आकडा खरा, अर्थ चुकीचा
जगातल्या 85 टक्के लोकांना आपलं काम आवडत नाही, हे वाक्य पुन्हा पुन्हा फिरत असतं. त्याचं मूळ गॅलप या अमेरिकी सर्वेक्षण कंपनीच्या 2017 च्या अहवालात आहे. तिथे 15 टक्के कर्मचारी कामात ‘गुंतलेले’, 67 टक्के ‘न गुंतलेले’ आणि 18 टक्के उघड नाराज आहेत. मधल्या 67 टक्क्यांना नाराजांच्या खात्यात कुणी टाकलं, देव जाणे. हे ‘गुंतणं’ गॅलप ज्या 12 विधानांवरून मोजतं, तीही पाहा: अपेक्षा ठाऊक आहेत, साधनं मिळतात, गेल्या सात दिवसांत कौतुक झालं, ऑफिसात जिवलग मित्र आहे. (माझा नाही, म्हणून काम नावडतं असं थोडंच!) थेट समाधानाबद्दल विचारलं की चित्र पालटतं. 2023 मध्ये प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत अमेरिकेतले 51 टक्के नोकरदार खूप किंवा अत्यंत समाधानी निघाले. असमाधानी 12 टक्के.