आघात-साहाय्यातील पर्यवेक्षण

बालपणी अत्याचार सोसलेल्या प्रौढांना समुपदेशन व तत्सम आधार देणाऱ्या गटाचे व्यावसायिक नेतृत्व करण्याची पद्धती. यात अनुभवी व्यक्ती ठरावीक काळाने समुपदेशकासोबत बसून त्याच्याकडील प्रकरणांचा आणि ती ऐकून त्याच्यावर होणाऱ्या परिणामांचा आढावा घेते. मराठीत पर्यवेक्षक म्हटले की परीक्षेच्या वर्गात फेऱ्या मारणारे शिक्षक नाहीतर अंगणवाडीची पर्यवेक्षिका डोळ्यांसमोर येते. तो तपासणीचा अर्थ येथे गौण होय. प्रत्यक्ष कामात ‘सुपरव्हिजन’ हाच शब्द चालतो.

या पद्धतीच्या उगमाबाबत एकमत नाही. समाजकार्याचे अभ्यासक तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील दानसंघटन संस्थांपर्यंत (लंडन १८६९, बफलो १८७७) मागे नेतात. तेथे गरिबांच्या घरी जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या कामावर पगारी कार्यकर्ते देखरेख ठेवीत. मनोविश्लेषणाच्या (फ्रॉइड यांनी रूढ केलेल्या, नेणिवेचा शोध घेणाऱ्या उपचारांच्या) परंपरेत मात्र मनोविश्लेषक मॅक्स आयटिंगन यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये उघडलेल्या बर्लिनच्या चिकित्सालयाला मान दिला जातो. शिकाऊ विश्लेषकाचे रुग्णकाम ज्येष्ठाच्या नजरेखाली चालावे, हा दंडक तेथे पडला. हा ज्येष्ठ कोण असावा, यावर पुढे वाद झाला. शिकाऊ उमेदवाराचे स्वतःचे विश्लेषण करणाऱ्यानेच ही जबाबदारी घ्यावी, असे बुडापेस्टचा संप्रदाय मानी (व्हिल्मा कोवाच यांनी १९३६ मध्ये ही बाजू मांडली), तर बर्लिनचा आग्रह दोन वेगळ्या व्यक्तींचा होता. देखरेखीची कल्पना दानसंघटनांइतकी जुनी असली, तरी समुपदेशकाच्या मनात काय चालले आहे याकडे बघण्याची आजची रीत बर्लिन-बुडापेस्टशीच अधिक जुळते.

समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कदुशिन यांनी १९७६ मध्ये पर्यवेक्षणाची प्रशासकीय, शैक्षणिक व आधारात्मक अशी तीन कार्ये सांगितली. गटप्रमुखाला ती एकट्याने करावी लागतात तेव्हा पंचाईत होते. जो रजा मंजूर करतो आणि वार्षिक मूल्यमापन लिहितो, त्याच्यापुढे ‘कालच्या सत्रानंतर मला झोप लागली नाही’ असे कोण कबूल करील? म्हणून जमेल तेथे पर्यवेक्षक संस्थेबाहेरचा घेतात. ब्रिटनमधील समुपदेशकांच्या प्रमुख संघटनेने अधिस्वीकृत सदस्यांसाठी महिन्याला किमान दीड तास पर्यवेक्षण ठरवून दिले आहे.

समांतर प्रक्रिया हा यातील सर्वांत विलक्षण भाग. हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये तिचे वर्णन केले, एकस्टाइन व वॉलरस्टाइन यांनी १९५८ मध्ये ती विस्ताराने मांडली. उपचारातील नाते पर्यवेक्षणाच्या खोलीत नकळत पुन्हा घडते. लहानपणी ‘कुणाला सांगायचं नाही’ असे बजावले गेलेल्या स्त्रीची समुपदेशिका गटाच्या बैठकीत नेमकी तीच फाईल खाली सरकवते आणि म्हणते, ‘ही केस आज राहू दे, त्यात विशेष काही नाही.’ जाणता पर्यवेक्षक तेथेच थांबतो. टाळाटाळ म्हणून तिला टोकण्यापेक्षा हे गुपित कुणाकडून कुणाकडे आले, हे तो विचारतो.

ऐकणाऱ्याच्या श्रद्धा व जगाकडे बघण्याची दृष्टी हळूहळू बदलते, या परिणामाला मॅकन व पर्लमन यांनी १९९० मध्ये परोक्ष आघात म्हटले. चार्ल्स फिगली यांची अनुकंपा-थकव्याची, म्हणजे इतरांच्या दुःखात सतत सहभागी होऊन येणाऱ्या थकव्याची, कल्पना (१९९५) याच्या जवळची असली, तरी दोन्ही एक मानू नयेत. पर्लमन व मॅक इयन यांच्या १८८ उपचारकांच्या अभ्यासात (१९९५) स्वतः आघात भोगलेल्यांना अधिक त्रास आढळला. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. त्यामुळे तेवढ्यावरून अशा कार्यकर्त्यांना दूर ठेवणे योग्य ठरत नाही.

आयर्लंडमध्ये बालपणी अत्याचार सोसलेल्यांची पंतप्रधानांनी ११ मे १९९९ रोजी मागितलेल्या माफीनंतर २००० मध्ये अशा प्रौढांसाठी राष्ट्रीय समुपदेशन सेवा सुरू झाली. भारतात दिल्लीची ‘राही’ संस्था १९९६ पासून या क्षेत्रात आहे.

भारतात गटप्रमुखापुढील एक पेच कायद्यातून येतो. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठी १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची भीती असलेल्या प्रत्येकावर तो कळवण्याचे बंधन घालते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कृत्याला हा कायदा लागत नाही. पण समुपदेशनाला आलेली स्त्री ज्या मामाबद्दल बोलते, त्याच्या घरात आज लहान नातवंडे वावरत असतील तर? हा निर्णय एकट्या समुपदेशकावर सोडत नाहीत. गोपनीयता कोठपर्यंत पाळता येईल, हे पहिल्याच भेटीत सांगितले गेले आहे ना, याची खातरजमाही गटप्रमुखाकडेच असते.