एकाच वर्गात, एकाच बाकावर : पंचवीस टक्के जागांची पार्श्वभूमी

शिक्षण हक्क कायद्याखाली (आरटीई) खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर आलेल्या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांचे तास वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी भरवायचे नाहीत. पुस्तकं, गणवेश, ग्रंथालय, संगणक, खेळ, स्नेहसंमेलन यांत त्यांच्याशी भेदभाव करायचा नाही, असं २०१० च्या केंद्रीय नमुना नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे दर वर्षी आरटीईची चर्चा फॉर्म, लॉटरी आणि वेटिंग लिस्टपाशीच थांबते, त्यामुळे हा नियम फारसा कुणाला ठाऊक नसतो. खरं तर त्या पंचवीस टक्क्यांमागचा सगळा विचार या नियमात आहे. २०२४ साली महाराष्ट्रात जो वाद झाला, तोही हा विचार बाजूला पडल्यामुळेच झाला.

शाळेत प्रवेश मिळणं आणि शाळेत सामावून घेतलं जाणं यांतलं अंतर आपल्याकडे फार जुनं आहे. १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. एका मुलासाठी बाकीच्यांचा रोष नको, अशी भूमिका इलाख्याच्या सरकारने घेतली. पुढे सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचं वरून जाहीर झालं, पण दार उघडल्यावर आत कुठे बसायचं हा प्रश्न तसाच राहिला. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली दाखल झालेल्या, पुढे राज्यघटनेचे शिल्पकार ठरलेल्या भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला बसायला गोणपाटाचा वेगळा तुकडा लागे आणि संध्याकाळी तो घरी न्यावा लागे. त्याचा शाळाप्रवेशाचा दिवस, ७ नोव्हेंबर, राज्यात आता विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाने १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि दोनच वर्षांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला. यातला दुसरा निर्णय मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. त्याची आठवण मात्र कमी काढली जाते.

स्वातंत्र्यानंतर १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाने शेजारशाळेची शिफारस केली. परिसरातली सगळी मुलं, घरची परिस्थिती कशीही असो, एकाच शाळेत जातील, अशी ती कल्पना होती. ती कागदावरच राहिली. विनाअनुदानित इंग्रजी शाळा वाढत गेल्या, ज्यांना परवडलं ते पालक तिकडे गेले आणि जिल्हा परिषदेच्या व पालिकेच्या शाळांत उरली ती परवडत नसलेल्यांची मुलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांच्या प्रवेशस्तरावरच्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या, त्या या पार्श्वभूमीवर. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद उचलून धरली. २०१४ मध्ये अल्पसंख्याक दर्जाच्या शाळा, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, कायद्याच्या कक्षेबाहेर गेल्या.

महाराष्ट्रात सोडत ऑनलाइन झाली आणि वशिल्याला बराच आळा बसला, हे मान्य करायला हवं. तरी फॉर्म भरणं सोपं नाही. वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, पण जातीचा दाखला लागतो. दुर्बल घटकाला वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. भाड्याने राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो आणि चाळीतले, वस्तीतले घरमालक तो सहसा करून देत नाहीत. त्यातच पोर्टलवरच्या नकाशावर घराची खूण नेमकी लावावी लागते. घर ते शाळा हे अंतर तिच्यावरून धरलं जातं. सायबर कॅफेवाल्याने ती खूण घाईत पलीकडच्या चौकात लावली, तर लॉटरीत नंबर लागूनही पडताळणी समितीपुढे अर्ज बाद होऊ शकतो.

आता २०२४ कडे येऊ. ९ फेब्रुवारीला राज्याने नियमांत दुरुस्ती केली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तिथल्या खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्के जागा देण्याचं बंधन उरलं नाही. शहरांत आणि निमशहरी भागांत अशी शाळा जवळ नाही असं ठिकाण शोधूनच काढावं लागेल, म्हणजे तरतूद जवळजवळ संपलीच. दुरुस्तीच्या समर्थकांकडे मुद्दे नव्हते असं नाही. जवळच्या सरकारी शाळेत जागा रिकाम्या असताना खासगी शाळेला या मुलांच्या फीचे पैसे सरकारने का द्यायचे, हा प्रश्न तिजोरीच्या बाजूने रास्त दिसतो. संस्थाचालकांची तक्रारही खरी होती: त्या फीच्या प्रतिपूर्तीची रक्कम वर्षानुवर्षं दर विद्यार्थी १७,६७० रुपयांवर अडकलेली आणि तीही वेळेवर हातात पडत नसे. कर्नाटकाने अशीच दुरुस्ती आधी केली होती आणि तिथल्या उच्च न्यायालयाने ती २०१९ मध्ये मान्यही केली होती.

पण या सगळ्या युक्तिवादात पंचवीस टक्के जागा म्हणजे सरकारी शाळा नसेल तिथली पर्यायी सोय, असं धरलेलं आहे. कायद्यात तसं कुठेही म्हटलेलं नाही. सरकारी शाळेचं शिक्षण मुळातच मोफत आहे. तिथे बसायला कुणाला लॉटरीची गरज नव्हती. वेगवेगळ्या घरांतली मुलं एका वर्गात यावीत, हा हेतू होता. एप्रिलमध्ये नव्या नियमाने अर्ज सुरू झाले, तेव्हा पालकांना पर्यायांत आधी घराजवळच्या जिल्हा परिषदेच्या, पालिकेच्या आणि अनुदानित शाळा दिसू लागल्या. जिथे थेट जाऊन नाव घालता येतं, त्या शाळेसाठी दाखले जमवत कोण बसेल? प्रतिसाद अगदीच कमी आला.

६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दुरुस्तीला स्थगिती दिली आणि जुन्या नियमाने अर्ज पुन्हा मागवले गेले. लाखाच्या आसपास जागांसाठी दुपटीहून अधिक अर्ज आले. सोडत जूनमध्ये निघाली, पण प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने यादी अडून राहिली. १९ जुलैला न्यायालयाने दुरुस्ती रद्द केली. मधल्या काळात शाळांनी त्या जागांवर इतर मुलांना दिलेले प्रवेश मात्र न्यायालयाने कायम ठेवले; गरज पडल्यास जागा वाढवा, असं सांगितलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

या खटल्याचा भार कुणी वाहिला, हे नोंदवलंच पाहिजे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. आरटीईची मुलं वर्गात पोचली ती जुलैअखेर आणि ऑगस्टमध्ये. तोवर बाकीच्यांच्या जोड्या जमलेल्या, बाईंना नावं पाठ झालेली आणि पहिलं पुस्तक निम्मं झालेलं. सहा वर्षांच्या मुलाला नंतर आलेला म्हणून ओळखलं जाण्यासाठी दोन महिने पुरेसे असतात.

त्यानंतरच्या वर्षी प्रक्रिया जानेवारीतच सुरू झाली आणि अर्ज तीन लाखांच्या वर गेले. वर्गातल्या भेदभावाच्या नियमाची तपासणी मात्र प्रवेशाच्या पडताळणीइतकी काटेकोर झालेली नाही. सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, बस आणि वेगवेगळे उपक्रम यांचा खर्च अनेक ठिकाणी पालकांकडेच येतो, आणि ज्याचे पैसे आले नाहीत तो मुलगा त्या दिवशी घरी राहतो. शिवाय मोफत शिक्षणाची हमी आठवीपर्यंतच आहे. २०१२ मध्ये पहिलीत आलेली मुलं २०२० साली, नेमक्या करोनाच्या वर्षी, आठवी संपवून बाहेर पडली. नववीला त्याच शाळेत राहायचं तर पूर्ण फी भरावी लागते; ती परवडली नाही की आठ वर्षांपासूनचे वर्गमित्र सोडून दुसरी शाळा शोधावी लागते. २०२४ च्या गोंधळात उशिरा पहिलीत बसलेली मुलं २०३२ मध्ये आठवी पूर्ण करतील. त्यांच्या नववीसाठी कायद्यात आजही तरतूद नाही.