टाइपरायटरच्या दात्यांपासून एडिटरपर्यंत: कोडिंगच्या फॉन्टची पार्श्वभूमी

कोड लिहायला मी मेन्लो हा फॉन्ट वापरतो, मेन्लोवालाच म्हणा. कारण विचाराल तर काही नाही, कोडिंग शिकलो तेव्हा हातात मॅक होता, उघडल्यावर जे दिसलं त्याचीच डोळ्यांना सवय झाली. शेजारी बसतो तो लिनक्सवाला, त्याचा फॉन्ट देजाव्हू सान्स मोनो, आणि माझा एडिटर, म्हणजे मी कोड लिहितो तो प्रोग्राम, बघितला की तोंड वाकडं करतो.

कोडिंगच्या अशा फॉन्टमध्ये सगळी अक्षरं एकाच रुंदीची असतात, पण हा प्रकार मुळात कोडिंगसाठी आलाच नाही, तो आला टाइपरायटरमधून. १८७४ च्या सुमारास रेमिंग्टनचं मशीन बाजारात आलं, त्यात कुठलंही बटण दाबा, कॅरेज, म्हणजे कागद धरणारा भाग, एक दाताच सरकणार, मग अक्षर आय असो की डब्ल्यू. म्हणून आयला वर-खाली आडव्या पट्ट्या लावून फुगवायचं आणि डब्ल्यूला चेपून बसवायचं. बऱ्याच जुन्या मशीनवर १ चं बटणच नसायचं, स्मॉल एल मारायचा आणि पुढे जायचं. वाचणारा माणूस असायचा, तो समजून घ्यायचा, कोड वाचून मशीनच्या भाषेत बदलणारा कंपायलर कुठला समजून घेतोय! त्यामुळे आज नवा फॉन्ट टाकला की आपण आधी एल, कॅपिटल आय आणि १ वेगळे दिसतात का ते बघतो, मग शून्याच्या पोटात टिंब आहे की तिरकी रेघ ते.

कुरियर हा हॉवर्ड केटलरनं १९५० च्या दशकात आयबीएमच्या टाइपरायटरसाठी काढला, आणि आयबीएमनं त्याचे हक्क स्वतःकडे राखले नाहीत म्हणून तो सगळीकडे पसरला. पुढे विंडोजवर कुरियर न्यू आला तो इतका हडकुळा की काही विचारू नका. त्याचं कारण मजेशीर आहे, टाइपरायटरची शाई कागदावर थोडी पसरते आणि अक्षर भरीव दिसतं, पण कॉम्प्युटरवर आणताना आयबीएमच्या टाइपबॉलवरचं, म्हणजे टाइपरायटरमधल्या अक्षरांच्या गोळ्यावरचं, अक्षर जसंच्या तसं घेतलं आणि शाईचं पसरणं हिशोबात धरायचं राहूनच गेलं.

कोडच्या एका ओळीत ८० अक्षरं, ही ८० कॉलमची मर्यादाही अशीच जुनी, १९२८ च्या आयबीएम पंच कार्डातून (भोकं पाडलेलं कार्ड) टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनवर आली आणि अजून लिंटर, म्हणजे कोडमधल्या चुका दाखवणारा प्रोग्राम, तिथेच ओरडतो.

नंतर कागद गेला, पिक्सेल आले. १९८४ च्या मॅकसाठी सुझन केअरनं मोनॅको ठिपक्या-ठिपक्यांनी बसवला, तर व्हिस्टाबरोबर आलेला लुकास डी ग्रूटचा कन्सोलास क्लिअरटाइप, म्हणजे विंडोजची अक्षरांच्या कडा गुळगुळीत दाखवायची सोय, धरूनच बनवलेला, ती सोय बंद केली की ओळखू येत नाही. स्क्रीनचे पिक्सेल बारीक झाल्यावर मात्र प्रत्येकाला स्वतःचा फॉन्ट हवा झाला, २०१२ ला अडोबीचा सोर्स कोड प्रो, २०२० ला जेटब्रेन्स मोनो, त्यात स्मॉल अक्षरं मुद्दाम उंच ठेवलीत. मधेच फिरा कोड या फॉन्टनं लिगेचर, म्हणजे दोन चिन्हं जोडून एक दाखवणं, घराघरात नेले, उद्गारचिन्ह आणि बरोबरचं चिन्ह मिळून सरळ नॉट-इक्वल दिसतं. मला नाही झेपलं, दिसतं एक चिन्ह आणि कर्सर सरकतो दोनदा. आणि कोडमध्ये मराठी कॉमेंट लिहिली की यातला कुठलाच फॉन्ट कामाचा नाही, त्यांच्यात देवनागरीच नाही, अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमधून येतात, आणि टर्मिनलवर 'स्त्री'ला किती घरं (एका अक्षराएवढ्या जागा) द्यायची यावरच सगळं घोडं अडतं.

आता शेजाऱ्याची गंमत. त्याचा देजाव्हू आणि २००९ ला मॅकवर आलेला माझा मेन्लो, दोन्ही बिटस्ट्रीम व्हेरा या एकाच फॉन्टवरून निघालेत. त्याला सांगितलं तर म्हणतो, हो, पण तुझा बिघडवलाय.