पार्श्वभूमी: दाढी घरी कधीचीच आली, डोकं २०२० ला आलं

घरी स्वतःचे केस कापायचा विषय निघाला की सगळे लॉकडाऊनपासूनच सुरुवात करतात आणि खरं सांगायचं तर मीपण तिथंच जास्त रेंगाळणार आहे. पण आधीचं थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे हे हौस किंवा काटकसर म्हणून सुरू झालेलं नाही.

अस्पृश्य म्हणून ज्यांच्या डोक्याला गावचा न्हावी हात लावत नव्हता त्यांच्याकडे केस घरीच कापले जायचे. साताऱ्यात एका सुभेदाराच्या घरात पोरांचे केस थोरली बहीण कापायची. पैसे नव्हते म्हणून नाही, गावात न्हावी नव्हता म्हणूनही नाही, कुणी कापायला तयारच नव्हतं म्हणून, आणि पोरांच्या डोक्यांवर हात बसवून बसवून ती तरबेज झाली. त्यातल्या एका पोराने, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांनी, मोठेपणी हे लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं, बाकी अशा किती ताया असतील. त्याच सुमारास तिकडे दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियात एका भारतीय बॅरिस्टरचे, म्हणजे गांधींचे, केस कापायला गोऱ्या न्हाव्याने नकार दिला, तर त्याने मशीन विकत आणून आरशासमोर उभं राहून स्वतःच कापले. पुढचे जमले, मागचे बिघडले, आणि कोर्टात मित्र विचारायला लागले की काय रे, उंदरांनी कुरतडले का. त्याला न्हाव्याचा राग मात्र आला नाही, आपले न्हावी तरी अस्पृश्यांचे केस कुठे कापतात असं त्याचं म्हणणं. नकाराची दुसरी बाजूपण आहे, १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांनी विधवांचं केशवपन करणार नाही म्हणून संप केला होता, तो विषय इथे उघडत नाही.

आता खरा गुंता, म्हणजे हजामत हा शब्द. मुळात अरबी, तिकडे हज्जाम म्हणजे तुंबड्या लावून रक्त काढणारा. आपल्याकडे येईपर्यंत रक्त गेलं आणि वस्तरा राहिला. पण मराठीत हजामत म्हणजे दाढी की केस? दोन्ही. आजोबा ‘हजामत करून येतो’ म्हणायचे तेव्हा ते डोकं, दाढी, मिशी, बगला, नखं असं सगळं उरकूनच यायचे, बलुत्याच्या काळात यातल्या एकेका कामाचा वेगळा रेट नव्हताच, सुगीला धान्य दिलं की वर्षाचा हिशोब मिटला. केस आणि दाढी ही दोन वेगळी कामं आहेत हे आपल्याला सलूनच्या भिंतीवरच्या रेटकार्डाने शिकवलं.

आणि दाढी वेगळी झाली ती घरी आल्यामुळे. बदलत्या ब्लेडच्या रेझरचं अमेरिकन पेटंट १९०४ चं, तो इकडे पसरल्यावर नोकरदार माणूस रोज सकाळी खिडकीला आरसा टांगून स्वतःची दाढी करायला लागला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. डोकं मात्र न्हाव्याकडेच राहिलं. कारण साधं आहे, स्वतःच्या मानेमागचं दिसत नाही. पुढे एड्सची भीती आली तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या ‘नवीन ब्लेड लाव रे’ म्हणायची सवय लागली, म्हणजे न्हाव्याकडून काही लागेल ही धास्तीसुद्धा दाढीशीच जोडलेली, कात्रीला कुणी घाबरलं नाही. (बायकांचं वेगळंच. मुलींचे केस, खालची टोकं, कपाळावरची बट हे सगळं घरी आई नाहीतर मावशीच कापत आली, पण त्याला कुणी केस कापणं म्हटलंच नाही, ‘जरा सारखे केले’ एवढंच.)

मग मार्च २०२०. पहिले दोन-तीन आठवडे मजा होती, क्रिकेट टीमचा तेव्हाचा कॅप्टन विराट कोहली याचे केस त्याच्या बायकोने किचनच्या कात्रीने कापले तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला आणि घरोघर तसे प्रयोग झाले. ट्रिमर हवा होता पण अत्यावश्यक नसलेल्या वस्तूंची ऑनलाइन डिलिव्हरी बंद, मुंबई-पुण्यासारख्या रेड झोनमध्ये ती सुरू व्हायला मेचा दुसरा पंधरवडा उजाडला. ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे दाढीचा, छोट्या ब्लेडचा, बऱ्याच मॉडेलांत जास्तीत जास्त १० मिलिमीटरपर्यंत जाणारा. तो डोक्यावर चालवला की एकतर सगळंच बारीक नाहीतर पट्टे पट्टे, आणि एकदा पट्टा पडला की झिरो मारण्याशिवाय इलाज नाही. त्या उन्हाळ्यात एवढी टकली दिसली त्याचं अर्धं कारण हेच असणार.

जूनमध्ये राज्य सरकारचं मिशन बिगिन अगेन, म्हणजे लॉकडाऊन टप्प्याटप्प्याने उघडणं, सुरू झालं, दुकानं आलटून पालटून रस्त्याच्या एकेका बाजूची उघडायला लागली, सलून बंदच. नाभिक समाजाची जागोजागी आंदोलनं झाली, भाडं थकलेलं, कारागीर गावी गेलेले, बाकी बाजार उघडा आणि आम्हीच का बंद, हा प्रश्न काही चुकीचा नव्हता. शेवटी २८ जूनपासून परवानगी मिळाली, पण कशी? आधी अपॉइंटमेंट, कारागिराला ग्लोव्हज, एप्रन, मास्क, प्रत्येक गिऱ्हाईक उठलं की खुर्ची सॅनिटाइझ, दर दोन तासांनी फरशी, टॉवेल वापरून फेकायचे. आणि फक्त केस कापणं, डाय, वॅक्सिंग, थ्रेडिंग एवढंच. त्वचेशी संबंधित सेवा नाहीत, म्हणजे दाढी नाही.

यावर तेव्हा दुकानादुकानात डोकेफोड झाली. दाढीला गिऱ्हाइकाने मास्क काढावा लागतो हे मान्य, पण थ्रेडिंग काय चेहऱ्यावर नसतं? वॅक्सिंग त्वचेवर नाही तर कशावर करतात? आणि छोट्या दुकानाचं गणित असं की केस महिन्याला एकदा, दाढी आठवड्याला दोनदा, रोजचा गल्ला दाढीवर. माझं मत विचाराल तर आदेश लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर घरी दाढी करणारा ऑफिसवाला होता, दाढी काय घरी होतेच की, बिचाऱ्यांचे केस वाढलेत. तालुक्याच्या गावात बाजारच्या दिवशी दाढीला रांग लागते हे त्याच्या यादीत आलंच नाही. न्हावी म्हणाले हजामतीला परवानगी दिली की नाही ते एकदाच सांगा, आणि सरकारी कागदात तो शब्दच नव्हता.

एप्रिल २०२१ ला सलून पुन्हा बंद झाली, त्यात काम करणाऱ्यांनी लवकरात लवकर लस घ्यावी असा सल्ला जोडून. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर केले, त्यात आपला जिल्हा तिसऱ्यात असेल तर सलून दुपारी चारपर्यंत, निम्म्या खुर्च्या, अपॉइंटमेंट आणि एसी बंद. पण या वेळी मधल्या वर्षभरात आलेलं मशीन कपाटात होतं, मिलिमीटरचे आकडे पाठ होते आणि मागची रेघ मारायला घरात कुणीतरी तयार झालेलं होतं. आमच्याकडे तो मान धाकट्या भाच्याला मिळाला, त्याचं वय तेव्हा तेरा, आणि तो अजूनही एका डोक्याचे पन्नास रुपये घेतो.